एका मताने निवडून आलेला माणूस

ऑर्व्हिल टिबेट्सला निवडून आणायचा वेंडेल स्टौफरचा अजिबात विचार नव्हता. त्याला फक्त पेन चालतंय का ते बघायचं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हॅकबेरी बेंडमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते आणि माणसं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफी पीत पीत भरतात. त्या मे महिन्यात गावातल्या बारक्यासारक्या मंडळांच्या निवडणुका होत्या. अग्निशामक मंडळ, पाटाच्या पाण्याचं मंडळ, स्मशान मंडळ, तण मंडळ, आणि पानाच्या अगदी तळाशी, जिथवर सहसा कुणाची नजर पोचत नाही, तिथे डास निर्मूलन मंडळ. जागा पाच, उमेदवार शून्य. नावांच्या जागी नुसत्या रेघा. मतदाराला वाटलं तर त्याने स्वतःच्या हाताने रेघेवर कुणाचंही नाव लिहावं, अशी सोय. ही सोय कुणी वापरत नसे. तिच्यासाठी आधी कुणाची तरी आठवण यावी लागते.

वेंडेलला आधी घोडीची आठवण आली.

"पॅन्सीचं नाव लिहितो," तो म्हणाला.

"जनावरांची नावं बाद करतात," समोर बसलेली त्याची बायको कॉर्लिस मान वर न करता म्हणाली. "मागे गसने त्याच्या बैलाचं लिहिलं होतं. बाद झालं."

"का? बैल इथलाच रहिवासी होता की."

"होता. तरी."

तेवढ्यात पेन सुकलं. वेंडेलने ते झटकलं, हलवलं, तोंडाजवळ नेऊन वाफ सोडली आणि खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या अंगणात ऑर्व्हिल टिबेट्स झोपायच्या झग्यात उभा राहून स्वतःलाच थोबाडीत मारत होता. डास. वेंडेलने रेघेवर लिहून पाहिलं: ऑर्व्हिल टिबेट्स. पेन चालत होतं. मग खोडाखोड कशाला करायची म्हणून त्याने बाजूचा गोलही काळा केला, लिफाफा बंद केला, सही केली आणि विषय विसरून गेला.

तीन आठवड्यांनी ऑर्व्हिलला जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. अभिनंदन. आपण डास निर्मूलन मंडळाच्या जागा क्रमांक दोनवर एक विरुद्ध शून्य मतांनी निवडून आला आहात.

ऑर्व्हिलची बायको आयडेला वारल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्या दोन वर्षांत त्याच्या घराचे पडदे उघडले नव्हते. तो डब्यातलं थंड सूप डब्यातूनच खायचा आणि कुणी हाक मारली तर "हं" म्हणायचा. पत्र आलं त्या दिवशी पडदे उघडले. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. तिसऱ्या दिवशी तो गळ्याला टाय बांधून वेंडेलच्या दारात उभा.

"वेंडेल," तो म्हणाला, "या गावात एक माणूस असा आहे की ज्याचा माझ्यावर विश्वास आहे."

"कोण?" वेंडेलने विचारलं. दुसरं काय विचारणार?

"तेच तर सांगत नाहीत ना. गुप्त मतदान. मी फोन करून विचारलं. बाई म्हणाली, तुम्हालाच सांगितलं तर मग गुप्त कशाला म्हणायचं?" ऑर्व्हिलचे डोळे भरून आले. "मी स्वतः मला मत दिलं नव्हतं बरं का. मला माहीतसुद्धा नव्हतं. म्हणजे ते पूर्णपणे दुसऱ्या माणसाचं मत आहे."

वेंडेल काहीतरी बोलणार होता. पण टाय फार नीट बांधलेला होता. ते राहिलंच.

त्यानंतर चार वर्षं हॅकबेरी बेंडमध्ये डासांचं काही खरं राहिलं नाही, आणि माणसांचंही. मंडळाचे सभासद पाच हवेत, सभेला तीन तरी हजर लागतात. निवडून आलेला एकटा ऑर्व्हिल. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तो अग्निशामक बंबाच्या शेडमधली खोली उघडायचा, सभा सुरू झाल्याचं जाहीर करायचा, हजेरी घ्यायचा, सभासद पुरेसे नाहीत असं त्याच्या लक्षात यायचं आणि तो सभा तहकूब करायचा. सगळं इतिवृत्तात लिहिलेलं असायचं. अशा शेहेचाळीस सभा झाल्या. एकीला तो स्वतःच तापाने आजारी होता. त्या दिवशी त्याने घरून चिठ्ठी पाठवून गैरहजेरीची परवानगी मागितली. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी त्यालाच मिळाली आणि त्याने ती मंजूर केली.

सभा तहकूब असली तरी काम तहकूब नव्हतं. पहाटे पाचला उठून तो सापळ्यातले डास मोजायचा आणि आकडा टपाल कार्यालयाच्या फळ्यावर लिहायचा. कुणाच्या अंगणात पाणी साचलेलं दिसलं की तिथे लाल झेंडी रोवायचा. पक्ष्यांना पाणी प्यायला ठेवलेल्या वाट्या, जुने टायर, म्हाताऱ्या मिसेस फेन्स्केची पाय बुडवून बसायची घमेली, सगळीकडे झेंड्या. जिथलं पाणी ओतून टाकता येत नाही तिथे तो डासांच्या अळ्या खाणारे, गप्पीच्या जातीचे बारीक मासे सोडायचा. चर्चच्या मागे बाप्तिस्म्याचं टाकं आहे, त्यातही सोडले. ईस्टरला पाद्री ड्रायर यांनी एका मोठ्या माणसाला पाण्यात बुडवून बाहेर काढलं तर त्याच्या कॉलरमधून मासा निघाला. त्या माणसाला वाटलं हा विधीचाच भाग आहे. तो भारावून गेला.

पण ऑर्व्हिलचं खरं काम होतं त्या एका मतदाराचा शोध. ज्याच्यावर संशय जाईल त्याचं गवत तो कापून द्यायचा. फुकट, न विचारता. हे गावात कळल्यावर झालं काय की संशय दूर करायची घाई कुणालाच राहिली नाही. ऑर्व्हिल आडून आडून विचारायचा, "तुम्हीच का हो?" आणि लोक आभाळाकडे बघत म्हणायचे, "गुप्त मतदान आहे, ऑर्व्हिल." आणि म्हणायचे अशा सुरात की त्याने पुढच्या शनिवारी मशीन घेऊन यायलाच हवं. वेंडेलचं गवत त्याने एकदाही कापलं नाही. वेंडेलवर त्याचा संशयच नव्हता.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मार्चमध्ये त्याने कॉर्लिसच्या घोडीच्या डोणीत मासे सोडले. पॅन्सी सत्तावीस वर्षांची. तिने डोणीत तोंड घातलं, मासे पाहिले, माशांनी तिला पाहिलं, आणि तिने दोन दिवस पाणी पिणं सोडलं. नुसती उभी राहून बघत राहिली.

"माझी घोडी विचार करायला लागली आहे," कॉर्लिस म्हणाली. "या वयात!" आणि गाडी काढून थेट जिल्ह्याच्या गावी गेली. अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी परत आली ती डास निर्मूलन मंडळाच्या जागा क्रमांक दोनची उमेदवार होऊन. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच मतपत्रिकेवर छापील नावं येणार होती. दोन. आणि त्याच पानावर खाली एक प्रश्नही होता, तो गस ओडेगार्डने सह्या गोळा करून आणलेला: डास निर्मूलन मंडळ कायमचं बरखास्त करावं काय? होय किंवा नाही. म्हणजे लोकांनी वर सभासद निवडायचा आणि खाली त्याला बसायला खुर्ची ठेवायची का ते ठरवायचं.

मतदार पुस्तिका आली. तीत उमेदवारांची निवेदनं असतात. कॉर्लिसने एकच ओळ दिली होती: "मी घोड्यांच्या पाण्यात मासे सोडणार नाही." ऑर्व्हिलचं निवेदन पानभर होतं. डासांचे आकडे, झेंड्यांची संख्या, आणि शेवटचा परिच्छेद वेगळा, जरा तिरप्या अक्षरात:

"माझ्या मतदारास. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. आयडेला गेल्यावर मला वाटलं होतं की आता माझी कुणाला काही गरज नाही. तुम्हाला होती. रोज पहाटे पाचला मी तुमच्यासाठी उठतो. मी तुमची मान खाली जाईल असं काही केलेलं नाही असं मला वाटतं. केलं असल्यास सांगावं."

वेंडेलने ते उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसला.

"काय झालं?" कॉर्लिसने विचारलं.

"काही नाही. पेनाचा विचार करतोय."

"पेनाचा काय विचार करायचाय?"

त्याने तिला सांगितलं नव्हतं. आधी सांगायची गरज वाटली नाही, नंतर उशीर झाला, आणि आता ती उमेदवार होती. आता समोरच्या उमेदवाराला निवडून आणणारा माणूस तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवत होता. मत कुणाला द्यायचं? बायकोला दिलं तर पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाचा एकुलता एक मतदार त्याला सोडून गेला. ऑर्व्हिलला दिलं तर छत्तीस वर्षांचा संसार एका काळ्या गोलापाशी येऊन थांबला.

भरीत भर म्हणजे मतपत्रिकेचं जेवण त्यांच्याच घरी होतं. मतपत्रिका आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी चौदा-पंधरा माणसं जमतात, प्रत्येकजण आपापला पदार्थ घेऊन येतो आणि प्रत्येकाला मतपत्रिकेवरचा एकेक विषय वाटून दिलेला असतो. त्याने त्या विषयाचा अभ्यास करायचा, दोन्ही बाजू सरळ मांडायच्या आणि स्वतःचं मत कुणाला द्यायचं ठरवलंय ते बोलायचं नाही. नियम कॉर्लिसचे. बावीस वर्षं कुणी मोडले नव्हते. चिठ्ठ्या टाकून विषय वाटले जातात. वेंडेलने बरणीत हात घातला आणि चिठ्ठी उघडली: डास.

रविवारी सगळे आले. भट्टीत भाजलेले कॅसरोल तीन, जेलोची जेली दोन, पैकी एकीत गाजर, भरलेली अंडी आणि टपाल कार्यालयातल्या ट्वायलाचा रुबार्बचा पाय, म्हणजे आंबटगोड सारण भरलेली गोल पेस्ट्री. ऑर्व्हिलही आला, टायसकट. तो उकडलेल्या मक्याची कणसं घेऊन आला होता. सगळी कणसं एका लांबीची.

तण मंडळ झालं, स्मशान मंडळ झालं. मग डासांची पाळी आली. उमेदवारांनी चर्चेच्या वेळी खोलीत थांबायचं नाही असाही नियम आहे. तो आजवर कधी लागू झाला नव्हता.

"चला बाहेर," कॉर्लिस ऑर्व्हिलला म्हणाली.

"तू आधी," ऑर्व्हिल म्हणाला. "तू घरची आहेस."

दोघं ओसरीवर गेले. जाळीचं दार बंद झालं.

वेंडेलने घसा साफ केला. कागदावर त्याने उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. "मंडळ बरखास्त करावं याच्या बाजूचा मुद्दा," तो वाचू लागला. "मंडळाला पाच सभासद हवेत, एकच आहे. चार वर्षांत एकही सभा झालेली नाही. विरुद्ध मुद्दा: चार वर्षांत डास निम्म्याहून कमी झालेत."

"मी लिहिलंय पुस्तिकेत सगळं," गस म्हणाला. तो गावातलं पेंड-चाऱ्याचं दुकान चालवतो.

"तू पुस्तिकेत अर्धं पान तुझ्या चोरीला गेलेल्या शिडीबद्दल लिहिलंयस, गस."

"मग? छापायला तेवढीच जागा देतात. शिडी कुठे लिहू मी?"

"आता उमेदवार," वेंडेल म्हणाला. "ऑर्व्हिल टिबेट्स. गेल्या वेळी एक मत."

खोलीत जरा हालचाल झाली. ट्वायलाने पेस्ट्री कापायला घेतली. पाद्री ड्रायर खिडकीबाहेर बघू लागले.

"ते एक मत माझं असं त्याला वाटतं," गस हसत म्हणाला. "मीही काही बोलत नाही. गवत बघितलंत माझं?"

ट्वायलाची सुरी थांबली. "तुझं कसं? मला तर तो म्हणाला की त्याची खात्री पटलीय. माझ्या घरासमोर फुलझाडंपण लावून दिली त्याने."

"तू त्याला हो म्हणालीस?"

"मी डोळा मारला फक्त."

"डोळा मारणं म्हणजे हो म्हणणंच की! लाज वाटायला पाहिजे ट्वायला, सरकारी नोकरीत आहेस तू."

"आणि तू रे? एक मत, आणि तू त्याच्यावर तीन उन्हाळे गवत कापून घेतलंस!"

"भांडू नका," पाद्री ड्रायर म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. चर्चचं गवत गावात सगळ्यांत मोठं होतं. "मी त्याला हो कधीच म्हणालो नाही," पाद्री म्हणाले. "फक्त नाही म्हणालो नाही. या दोहोंत फरक आहे. मी त्यावर प्रवचन केलेलं आहे."

मोजल्यावर सात निघाले. एका मताचे सात मतदार, आणि सगळे एका खोलीत, एकमेकांना खोटारडे म्हणत. वेंडेल हातात कागद धरून उभा होता. त्याला वाटलं, आता सांगावं. पण कसं सांगणार? आठवा म्हणून?

"बरं, या वेळी कोण देणार त्याला?" त्याने विचारलं.

"विचारायचं नाही असा नियम आहे," सगळे एकदम म्हणाले. आवाजात फार दिवसांनी एकी होती.

त्याने जाळीच्या दारातून बाहेर पाहिलं. ओसरीवर कुणी नव्हतं. दोन्ही उमेदवार अंगणापलीकडे घोडीच्या डोणीपाशी ओणवे झाले होते. ऑर्व्हिल बोटाने पाण्यात काहीतरी दाखवत होता आणि कॉर्लिस हात पाठीमागे बांधून, शाळेची तपासणी करायला आल्यासारखी, बघत होती. पॅन्सीही बघत होती.

जेवण आटोपल्यावर वेंडेल ऑर्व्हिलला पोचवायला निघाला. अंतर साठ पावलं. तिसाव्या पावलाला तो थांबला.

"ऑर्व्हिल, ते मत माझं होतं."

ऑर्व्हिलने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वेंडेल, वेंडेल. तू फार चांगला माणूस आहेस."

"नाही, खरंच. मी लिहिलं तुझं नाव."

"तुझी बायको माझ्याविरुद्ध उभी आहे, तुला वाईट वाटतंय, म्हणून तू असं म्हणतोयस. मला कळतं. पण दुसऱ्याच्या मतावर असा हक्क सांगू नये माणसाने."

"अरे, पेन चालत नव्हतं! ते चालतंय का बघायला मी तुझं नाव लिहिलं. तू अंगणात थोबाडीत मारून घेत होतास. गंमत म्हणून लिहिलं, ऑर्व्हिल. गंमत होती ती."

चार वर्षं जे लपवलं ते त्याने एका दमात ओकून टाकलं होतं, आणि तेही वाईटातल्या वाईट शब्दांत. ऑर्व्हिलने वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला.

"विचार करून बघ," तो समजावत म्हणाला. "डास निर्मूलन मंडळाच्या बाबतीत गंमत कोण करेल? इतका बेजबाबदार माणूस आपल्या गावात आहे का?"

वेंडेलने विचार करून बघितला. "नाही," तो म्हणाला.

"बघ. सात जणांनी मला भासवलं की तो मतदार आपणच. मी काय खुळा आहे? मला कळतं, गवताला भुललेत. तरी कापतो, कारण सातांतला एक खरा असेल तर त्याचं कापायचं राहू नये. पण तू आणखी त्यात पडू नकोस." ऑर्व्हिलने कणसांचं रिकामं भांडं दुसऱ्या काखेत घेतलं. "मी याही वेळी स्वतःला मत दिलेलं नाही. बरं दिसत नाही ते. ती जागा कोरी सोडली. मला फक्त एवढंच बघायचंय, की तो माणूस अजून माझ्याबरोबर आहे का. हरलो तरी चालेल. मंडळ गेलं तरी चालेल. शून्य आलं तर मात्र…" त्याने वाक्य तिथेच सोडलं, आपल्या घराच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि उरलेली तीस पावलं एकटाच गेला.

मंगळवारी संध्याकाळी वेंडेल आणि कॉर्लिस टेबलाशी समोरासमोर मतपत्रिका भरायला बसले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांनीही परीक्षेला बसल्यासारखा डावा हात कागदाभोवती वळवून धरला होता.

"पाटाच्या मंडळाला कुणाला देतोस?" कॉर्लिसने विचारलं.

"हॅलस्टेडला. तू?"

"हॅलस्टेडलाच. स्मशान?"

"त्या जाड्या बाईला. ती निदान जिवंतपणी तिथे जाते तरी."

मग दोघं पानाच्या तळाशी पोचले आणि बोलणं थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला, तोही जरा चौकशी केल्यासारखा.

वेंडेलने दोन्ही नावं वाचली. एका नावाशी त्याने लग्न केलं होतं. त्याने मनातल्या मनात सगळे मुद्दे पुन्हा दोन रकान्यांत मांडले, जसे रविवारी मांडले होते. मग त्याच्या लक्षात आलं की ते बायको आणि शेजारी यांच्याबद्दलचे मुद्दे आहेत, आणि प्रश्न डासांचा आहे. डासांचं काम कोण नीट करतं? याचं उत्तर रकान्यांशिवाय येत होतं. आयुष्यात इतकी मतं दिली, सिनेटर झाले, गव्हर्नर झाले, पण इतक्या काळजीने त्याने कधीच गोल भरला नव्हता. पेन नवीन होतं. तरी आधी त्याने ते वर्तमानपत्राच्या कडेला चालवून बघितलं. मग ऑर्व्हिलच्या नावापुढचा गोल काळा केला. खाली बरखास्तीच्या प्रश्नाला "नाही" केलं. लिफाफा चाटून बंद केला.

"झालं?" कॉर्लिसने विचारलं.

"झालं. तुझं?"

"कधीच."

ती त्याच्याकडे बघत होती. तो जेलोच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होता, त्यातल्या गाजरासकट.

पुढच्या बुधवारी सकाळी टपाल कार्यालयाच्या फळ्यावर, डासांच्या आकड्याच्या शेजारी, निकाल लागला. बरखास्ती नामंजूर: होय सहासष्ट, नाही एकोणऐंशी. मंडळ असावं असं लोकांना वाटत होतं, फक्त त्यात आपण नसावं. जागा क्रमांक दोन: कॉर्लिस स्टौफर एकशे त्रेचाळीस, ऑर्व्हिल टिबेट्स दोन.

वेंडेलने आकडा तीनदा वाचला. दोन. एक त्याचं. मग दुसरं कुणाचं? त्याने मागे वळून पाहिलं. गस, ट्वायला, पाद्री, सगळे फळ्यापासून चार हात लांब उभे राहून आपापल्या बुटांकडे बघत होते. सातांतल्या एकाचाही चेहरा मत दिल्यासारखा नव्हता.

घरी आला तर कॉर्लिस मोरीपाशी भांडी घासत होती.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"कळलं. ट्वायलाने फोन केला."

"तुझ्याविरुद्ध दोनच मतं पडली."

"हो." तिने एक बशी उगाचच दोनदा विसळली. "दोन्ही या घरातली, असं मला वाटतं."

वेंडेल उभा राहिला तिथेच.

"मी मासे काढून टाकल्यावर डोणीत झालेल्या अळ्या त्याने मला त्या रविवारी दाखवल्या," ती म्हणाली. "भांडंभर पाण्यात दोनशे. प्रत्येक अळीचं वय सांगत होता. कुठली गुरुवारी उडणार, कुठली शनिवारी. म्हटलं, या माणसाला काढून मी काय करणार? मला पहाटे पाचला उठून अळ्यांचे वाढदिवस करायची हौस नाही. मला त्याला जरा घाबरवायचं होतं, वेंडेल. घालवायचं नव्हतं. म्हटलं, आपलं एक मत त्याला. बाकीचं गाव देईलच त्याला, इतकं गवत कापलंय."

"म्हणजे तू स्वतःला मत दिलंच नाहीस?"

"आणि तू बायकोला दिलं नाहीस. बोल आता."

तेवढ्यात दार वाजलं. ऑर्व्हिल. टाय होता. चेहरा असा की हरलेल्या माणसाला तो शोभला नसता.

"दोन!" तो दारातूनच म्हणाला. "शंभर टक्के वाढ! तो माणूस गेलेला नाही, वेंडेल. आहे. आणि त्याने आणखी एकाला बरोबर आणलंय!"

"ऑर्व्हिल, बस," कॉर्लिस हात पुसत म्हणाली. "एक मत माझं होतं."

वेंडेलला वाटलं, आता तो हसणार, खांद्यावर हात ठेवणार, तू चांगली बाई आहेस म्हणणार.

ऑर्व्हिल हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचे ओठ थरथरले.

"तू," तो म्हणाला. "अर्थात तू. माझ्या कसं लक्षात आलं नाही! कोण माझ्याविरुद्ध उभं राहील? ज्याला मंडळाची किंमत कळते तोच. चार वर्षांपूर्वीही तूच."

"नाही, चार वर्षांपूर्वी मी…"

"लपवू नकोस आता. खिडकीतून माझं अंगण दिसतं तुला. मला त्या सकाळी डास किती त्रास देत होते ते तू पाहिलंस आणि तुझ्या मनात आलं, हा माणूस हे काम करेल." त्याने तिचे ओले हात हातात घेतले. "थँक यू, कॉर्लिस."

कॉर्लिसने वेंडेलकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, पण छत्तीस वर्षांचा सराव होता. तिच्या भुवया वर गेल्या: काय करू?

वेंडेलला स्वतःचंच नवल वाटलं. चार वर्षं तो पकडला जाऊ नये म्हणून धडपडत होता, आणि आता डोळ्यांदेखत आपली गंमत बायकोच्या नावावर चढली तर त्याला चक्क वाईट वाटत होतं. पण ऑर्व्हिलने पहाटे पाचला ज्याच्यासाठी उठावं असा माणूस असायलाच हवा होता, आणि पेन तपासणाऱ्यापेक्षा कॉर्लिस त्या जागेला कितीतरी शोभत होती.

त्याने तिला मान हलवून सांगितलं: हो म्हण.

"बरं," कॉर्लिस म्हणाली. "मीच."

"मला ठाऊक होतं!" ऑर्व्हिल म्हणाला. मग तो खुर्चीत बसला, नाक शिंकरलं आणि भानावर आला. "पण दुसरं? दुसरं कुणाचं?"

"माझं," वेंडेल म्हणाला.

ऑर्व्हिलने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्या नजरेत राग नव्हता. उशिरा का होईना सुधारलेल्या माणसाकडे बघावं तशी ती नजर होती.

"या वेळचं ना? या वेळचं मी मान्य करतो," तो म्हणाला. "बायकोचं बघून शिकलास. ठीक आहे. सुरुवात कुठून तरी व्हायला लागते." त्याने खिशातून डास मोजायची वही काढली आणि कॉर्लिसपुढे टेबलावर ठेवली. "मंडळाच्या चार जागा रिकाम्या आहेत. सभासदाला रिकाम्या जागी माणूस सुचवता येतो. उद्या पाचला ये, मी तुला सापळे दाखवतो. मग तू मला सुचव."

"पाचला?" कॉर्लिस म्हणाली.

"पावणेपाच म्हण," ऑर्व्हिल म्हणाला. "तुझे मतदार एकशे त्रेचाळीस आहेत. मी एकासाठी पाचला उठायचो."